भिंतीवरचं भात

जतन हा शब्द मुळात बायकांच्या हातातला. आपण बियाणं जतन करतो, म्हणजे ते उन्हात वाळवतो, राखेत नाहीतर कडुनिंबाच्या पाल्यात घालून ठेवतो, आणि पुन्हा दोन महिन्यांनी कीड लागली की काय म्हणून उघडून बघतो. सासूबाईंची इरकल जतन करतो, म्हणजे वर्षातून एकदा तरी तिची घडी मोडून नवी घालतो, नाहीतर घडीवर ती फाटते. जतन करायचं तर हात लागावा लागतो. एखादी वस्तू पैसे मोजून आणली आणि भिंतीला खिळा मारून टांगली, तर त्याला आपल्या मराठीत खरेदी म्हणतात. खरेदीला माझी काही हरकत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे त्यानं जरूर करावी. पण खरेदीला जतन म्हणू नये, एवढंच माझं भांडण आहे, आणि ते मी आज मोकळेपणानं भांडणार आहे.

निमित्त आहे चित्रांचं. आपल्या समाजातली कितीतरी मुलं आता सिंगापूर, मनिला, जकार्ता अशा ठिकाणी नोकरीधंद्याला आहेत. पूर्वी लोक परदेशातून मिक्सर आणि परफ्यूम आणायचे, आता चित्रं आणतात. माझ्या नात्यातल्या एक बाई, मी त्यांना वहिनी म्हणते, नवऱ्याच्या नोकरीमुळे बरीच वर्षं मनिलात होत्या, मग सिंगापुरात गेल्या. त्यांच्याकडे आज एकवीस चित्रं आहेत. सगळ्यांचा विषय एकच. भाताची लावणी, भाताची कापणी, आंब्याखाली विसावलेली माणसं, नदीवर धुणं, डोक्यावर फळांची टोपली घेतलेली हसरी मुलगी. सगळीकडे पिवळंधमक ऊन. यातली एखाददुसरी फर्नांडो आमोर्सोलो या फिलिपिनो चित्रकाराची आहेत असं त्या सांगतात, बाकीची त्यांच्या वळणाची. आणि त्या म्हणतात, "लुप्त होत चाललेलं ग्रामजीवन जतन करायचं म्हणून मी हे सगळं जमवलं."

आधी आमोर्सोलोंबद्दल सांगते, कारण माझं भांडण त्यांच्याशी नाही, आणि ते नंतर कुणी विसरू नये.

त्यांचा जन्म १८९२ चा, मनिलातला. बालपण मात्र गावाकडे गेलं, दाएत नावाच्या ठिकाणी. वडील हिशेबनीस होते, ते लवकर वारले. आई पोरांना घेऊन मनिलात एका नातेवाइकाच्या आश्रयाला आली. तो नातेवाईक म्हणजे फाबियान दे ला रोसा, स्वतः नावाजलेला चित्रकार. आई भरतकाम करून घर चालवी, आणि हा पोरगा जलरंगातली पोस्टकार्डं रंगवून पुस्तकाच्या दुकानात दहा-दहा सेंटावोला विकायचा. म्हणजे बघा, गावाचं चित्र काढून शहरात विकायचं, हे त्यानं हौसेनं नाही शिकलेलं. घरात चूल पेटायला हवी होती. पुढे तो फिलिपिन्स विद्यापीठातून १९१४ साली चित्रकला शिकून बाहेर पडला, एका धनाढ्य उद्योजकाच्या मदतीनं माद्रिदला जाऊन आला, तिथे व्हेलास्केसची चित्रं डोळे भरून पाहिली, आणि परतल्यावर १९२२ मध्ये त्यानं भाताच्या लावणीचं जे चित्र केलं, ते इतकं गाजलं की पर्यटनाच्या भित्तिपत्रकांवर आणि माहितीपत्रकांवर सगळीकडे तेच झळकायला लागलं. फिलिपिन्स म्हणजे हे, असं जगानं ठरवून टाकलं. (जाता जाता सांगते, तिथल्या एका जिनच्या बाटलीवरचं सैतानाला पायाखाली घेणाऱ्या देवदूताचं चित्रही त्यांचंच. आपल्या वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.)

त्यांची हातोटी उजेडाची. ऊन माणसाच्या मागून येतं, त्यामुळे कडेनं सोन्याची रेघ उमटते, केस चमकतात, आणि चेहरा सावलीत असूनही उजळ वाटतो. हे काम सोपं नाही. मी आर्ट्‌सला होते, चित्रकलेची परीक्षाही दिली होती शाळेत, आणि मला एवढं नक्की कळतं की उन्हात सावली काळी न करता रंगवणं हे भल्याभल्यांना जमत नाही. चित्र सुंदर आहे. ते सुंदर नाही असं मी एकदाही म्हणणार नाही.

पण आता लावणीकडे बघू या. आपण काही परक्या नाही आहोत या विषयाला. दक्षिणेकडचे आपण जैन म्हणजे मूळचे शेतकरीच, दुकानात नंतर बसलो. खानापूरकडच्या शिवारात, नाहीतर इथे येळ्ळूर-वडगावच्या रानात रोपलावण बघितली नाही अशी माझ्या वयाची बाई विरळा. भर पावसात, डोक्यावर इरलं घेऊन, घोटाभर चिखलात, सकाळपासून अंधार पडेपर्यंत कंबरेत वाकायचं. एका हातात रोपांची मूठ, दुसऱ्या हातानं दोन-दोन काड्या खोचत मागं मागं सरकायचं. आठ दिवसांत बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. रात्री त्यावर मेंदी नाहीतर एरंडेल लावून झोपायचं आणि सकाळी पुन्हा त्याच चिखलात पाय घालायचा. फिलिपिन्समध्ये काही वेगळं नाही. तिथलं लावणीचं जे लोकगीत सगळ्यांना तोंडपाठ आहे, त्यातसुद्धा कंबरेचंच गाऱ्हाणं आहे. ज्यांनी लावलं त्यांनी गाणं केलं ते कंबरदुखीचं, आणि ज्यांनी विकत घेतलं त्यांनी चित्र घेतलं ते उन्हाचं. यातला फरक मला महत्त्वाचा वाटतो.

दुसरी गोष्ट. चित्रात शेत आहे, पण शेत कुणाचं आहे ते नाही. त्या काळात मध्य लुझोनमधल्या भातशेतीत कुळं वाट्यानं कसायची. आपल्याकडे अर्धलीनं रान करतात तसंच. निम्मं पीक मालकाचं, आणि उरलेल्या निम्म्यातून बियाणं, खावटी, व्याज वजा. कागदावर निम्मं, हातात पसाभर. १९३३ मध्ये वाट्याचा कायदा झाला, पण तो अमलात आणायचा कुणी? ज्या नगरांचा कारभार जमीनदारांच्याच हातात, त्यांनी? १९३५ च्या मे महिन्यात मनिलाच्या आसपासच्या प्रांतांतल्या शेतकऱ्यांनी सक्दाल चळवळीच्या नावानं उठाव केला. एक-दोन दिवसांत तो गोळ्या घालून मोडला गेला. पुढे महायुद्धात जपान्यांविरुद्ध जे शेतकरी बंदुका घेऊन रानात गेले, तेच हुक बंडखोर म्हणून १९४६ नंतर स्वतःच्या सरकारशी आणि जमीनदारांशी आठ वर्षं लढले. ही सगळी माणसं कोण? चित्रात वाकून रोपं लावणारीच ना! १९३६ सालचं आमोर्सोलोंचं एक प्रसिद्ध चित्र आहे, 'दालागांग बुकिद', म्हणजे रानातली तरुणी. उठावाला एक वर्ष झालेलं, आणि ती प्रसन्न हसते आहे. फिलिपिनो सौंदर्य कसं असावं याबद्दल आमोर्सोलोंची ठाम मतं होती. चेहरा गोल, डोळे बोलके, रंग गोराही नको आणि काळाही नको. चिखलात राबणाऱ्या बाईला सुद्धा रंगाची मापं चुकत नाहीत, बघा.

इथे मला नेहमी एक उत्तर मिळतं, आणि ते वजनदार आहे म्हणून टाळत नाही. "अहो, चित्र म्हणजे काय तलाठ्याचा सातबारा आहे का? कलाकारानं सुंदर ते दाखवायचं. दुःख दाखवायला वर्तमानपत्रं आहेत."

मान्य. कलाकारावर मी अट घालत नाही. शिवाय आमोर्सोलोंना दुःख रंगवता येत नव्हतं असंही नाही. युद्धात त्यांनी जळणारं मनिला रंगवलं, उद्ध्वस्त घरं रंगवली. १९४५ च्या एका चित्रात हातात कोयता घेऊन एक पुरुष बाईच्या पुढे उभा आहे, आणि समोरचा सैनिक चित्रात दिसतच नाही. ते बघून अंगावर काटा येतो. म्हणजे हात तयार होता, डोळाही होता. मग विकलं काय गेलं? अमेरिकन अधिकारी आणि पर्यटक घेऊन गेले ते लावणीचं ऊन. मनिलातली मोठी घराणी, ज्यांची भाताची रानं होती, त्यांनीही दिवाणखान्यात लावलं ते ऊनच. कळत-नकळत मागणीनं चित्रकाराचा हात एका जागी बांधून टाकला. घर चालवायचं, पोरंबाळं भरपूर, त्यामुळे तेच ऊन हजारो वेळा रंगवायचं. आई भरतकामात एकच वेल शंभर पदरांवर काढायची असेल तसं.

आणि तिथल्या लोकांनाही हे खटकलं होतंच. मला एकटीलाच हे सुचलं असं समजू नका. १९२८ साली व्हिक्टोरिओ एदादेस हा तरुण अमेरिकेतून शिकून आला आणि त्यानं मनिलात प्रदर्शन मांडलं. त्यातल्या 'बिल्डर्स' या चित्रात मळकट, पिळदार, घामानं काळवंडलेले मजूर होते. लोक बिचकले. एकही चित्र विकलं गेलं नाही म्हणतात. शेजारच्या इंडोनेशियात तर एस. सुजोजोनो या चित्रकारानं ठणकावूनच सांगितलं. सुमात्रात मळ्यावर काम करणाऱ्या जावानीज कुटुंबातला हा मुलगा. डोंगर, नारळाची झाडं आणि भातखाचर ही तीन वस्तू मांडली की चित्र तयार, अशा चित्रांना त्यानं डच शब्दांत 'मोई इंडी', म्हणजे 'सुंदर इंडीज' असं कुचेष्टेनं म्हटलं. १९३८ साली त्यानं आणि त्याच्या मित्रांनी स्वतःची संघटना काढली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की ही चित्रं पर्यटकांसाठी आहेत, साखर कारखान्याचं धुराडं आणि दारिद्र्य त्यांत कधी येत नाही. गंमत अशी की स्वातंत्र्यानंतर त्याच देशाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो चित्रांचे मोठे संग्राहक, आणि त्यांच्या संग्रहात सुजोजोनोही होते आणि सुंदर इंडीजवालेही होते. जमवणाऱ्याला सगळंच चालतं.

आता 'लुप्त होत चाललेलं' या शब्दांकडे वळते. मला यांचा जास्त राग आहे. व्याकरणात बघा, या क्रियेला कर्ताच नाही. धुकं विरावं तसं गाव आपोआप विरलं म्हणे. कुणी काही केलंच नाही!

अहो, गावं ठरवून बदलतात. मनिलाजवळ लॉस बान्योस इथे १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था निघाली आणि १९६६ मध्ये तिनं 'आयआर आठ' हे बुटकं, खताला दाद देणारं भात दिलं. ते आपल्याकडेही आलं, आणि त्यानं पोटं भरली हे नाकारणं कृतघ्नपणा होईल. गिरणीत त्याची कणी व्हायची, निवल्यावर भात टणक व्हायचा, म्हणून जुन्या बायका नाकं मुरडायच्या, ते वेगळं. पण त्या भाताबरोबर खत विकत आलं, औषध विकत आलं, आणि खत-औषधासाठी कर्ज आलं. १९७३ पासून मार्कोस सरकारनं कर्ज वाटून उत्पादन वाढवण्याची मोठी योजना चालवली. पीक वाढलं, आणि बऱ्याच शेतकऱ्यांच्या डोक्यावर ते कर्ज तसंच राहिलं. पुढच्याच वर्षी कायदा करून माणसं परदेशी कामाला पाठवणं हे सरकारी धोरण झालं. आज भाताच्या लावणीची चित्रं जगाला देणारा हा देश जगातल्या सगळ्यात मोठ्या तांदूळ आयातदारांपैकी एक आहे. बराचसा तांदूळ व्हिएतनामहून येतो. आणि मार्कोसनीच १९७२ मध्ये, आमोर्सोलो वारल्यावर चार दिवसांत, त्यांना देशाचे पहिले राष्ट्रीय कलाकार म्हणून गौरवलं. गाव भिंतीवर गेलं त्याला सरकारी मोहोरही मिळाली.

सिंगापूरचं तेच. तिथली जुनी गावं, त्यांना ते कंपोंग म्हणतात, काही भुतानं नेली नाहीत. १९६० मध्ये घरबांधणी मंडळ स्थापन झालं आणि त्यानं एकामागून एक वस्त्या हलवून माणसं उंच इमारतींत नेली. नळ आला, संडास आला, आगीची भीती गेली. फार माणसांना त्यात सुख लाभलं. आज ज्यांच्या बापजाद्यांचा कंपोंग गेला ते तिथल्या सरकारी फ्लॅटमध्ये राहतात, आणि कंपोंगची जलरंगातली चित्रं वातानुकूलित गॅलरीत विकायला असतात. चांगलं झालं की वाईट झालं यावर मी वाद घालत नाही. पण कुणीतरी केलं, आणि त्यात कुणाचा तरी फायदा झाला, एवढं तरी चित्र घेणाऱ्यानं तोंडानं म्हणावं.

वहिनींच्या सिंगापूरच्या घरी मी तीन आठवडे राहिले आहे. त्यांच्याकडे कामाला असलेली बाई फिलिपिनो. नुएवा एसिहा प्रांतातली, म्हणजे तिथल्या भाताच्या कोठारातली. रोज सकाळी ती त्या एकवीस चौकटी मऊ फडक्यानं पुसते. मी आंबोळी घालत होते, ती शेजारी भांडी विसळत होती. माझं इंग्रजी आणि तिचं इंग्रजी, दोन्ही सारखंच, त्यामुळे जमलं. मी विचारलं, हे चित्र तुला आवडतं का? तिनं हात पुसले, लावणीच्या चित्रासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आंटी, यांचे कपडे कोरडे आहेत." मग हसली. वडिलांचं रान गहाण ठेवून एजंटाचे पैसे भरले होते, त्यातलं निम्मं फिटलंय, मुलगी गावी आजीकडे आहे आणि तिला रानात पाय ठेवू द्यायचा नाही, असं तिनं सांगितलं. आवडतं की नाही ते मात्र सांगितलं नाही. मालकिणीच्या घरातल्या वस्तूबद्दल कोण सांगतं?

रानातल्या त्या हसऱ्या तरुणीची नात आज चित्रावरची धूळ पुसते आहे. वहिनींना हे मी बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुझं नेहमी वाकडंच. मी तिला चांगला पगार देते." देतात, खरंच देतात. माझा मुद्दा पगाराचा नव्हताच. मुद्दा असा की गाव जतन करायचं म्हणून एकवीस चित्रं घेणाऱ्या घरात एक सबंध जितं गाव स्वयंपाकघरामागच्या खोलीत झोपतं, आणि त्याला सहा वर्षांत कुणी विचारलं नाही की बाई, तुमच्याकडे रोपाच्या मुठीला काय म्हणतात, मळणी कशी करतात, पाऊस नाही आला तर काय करतात. जतन करायचंच तर वही घेऊन तिच्यापाशी बसायला काय हरकत होती? फुकट होतं. कदाचित म्हणूनच.

आपल्या धर्मात परिग्रहाचं माप घालून घ्यायला सांगितलंय. एवढं सोनं, एवढं रान, एवढी वस्त्रं, यापुढे नाही. चित्रं त्या यादीत कुणी धरत नाही, ती 'संस्कृती' म्हणून सुटतात. पण आचार्यांनी परिग्रह वस्तूत नाही, वस्तूवरच्या आसक्तीत सांगितलाय. एकवीस झाली, आता बाविसावं कुठे मिळेल, अमक्याकडे खरा आमोर्सोलो आहे आणि माझ्याकडचा खरा की खोटा, या विचारानं रात्री झोप येत नसेल, तर ते काय आहे? आणि खोट्यांचा सुळसुळाट आहे, हे तर त्या बाजारातलं शेंबडं पोरही सांगेल. आमोर्सोलोंच्या नावानं इतकी नकली चित्रं फिरतात की प्रमाणपत्रालाच आधी प्रमाणपत्र लागावं.

त्यातही एक अन्याय आहे, तो बोलायचा राहू नये. मनिलात माबिनी नावाचा रस्ता आहे. युद्धानंतर तिथे पर्यटकांसाठी चित्रं विकणारी दुकानं वाढली. तिथले चित्रकार आमोर्सोलोंच्या वळणाची लावणी, बांबूची घरं, सूर्यास्त असं भराभर रंगवून विकायचे. 'माबिनी चित्रं' हा तिथे हिणवायचा शब्द. आता हे चित्रकार कोण? पुष्कळसे गावाहून पोट भरायला आलेले. ज्यांनी लावणी खरोखर पाहिली, त्यांचं नाव कुणी विचारत नाही. त्यांच्या चित्राखालची सही खरवडून मोठं नाव टाकलं की किंमत कितीतरी पट. वहिनींच्या एकवीसातली बहुतेक माबिनीचीच असणार असा माझा अंदाज आहे, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. त्यांना वाटतो. त्या चित्रकारांची नावं कुठे लिहून ठेवलीत का, तर नाही.

कुणी म्हणेल, मग गावावर प्रेम करायचंच नाही का? मी सांगते, कसं करायचं ते मलेशियाच्या लातनं दाखवलंय. व्यंगचित्रकार आहे, गावातलाच मुलगा. त्याचं 'कंपुंग बॉय' हे पुस्तक १९७९ चं. पोहणं, सुंता, कुराणाची शाळा, सगळं इतकं हसत हसत की आपण वाचताना आपलंच गाव समजतो. पण त्याच्या गावाच्या कडेला कथिल उपसणारं ते अजस्र यंत्र पहिल्यापासून उभं आहे. शेवटी बाप मुलाला सांगतो की हे यंत्र आपल्या जमिनीकडे येतंय. गाव जाणार आहे हेही कळतं, आणि कशानं जाणार आहे हेही. प्रेम असं असतं. मागून ऊन पाडलेलं नव्हे. आणि ते पुस्तक काही शे रुपयांत मिळतं.

आपल्याकडचंही बोलायला हवं, नाहीतर फिलिपिनो लोकांना नावं ठेवून मी मोकळी झाले असं होईल. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारातला बासमती एके काळी वासावरून ओळखायचे. त्याच शिवारातून हलगा-मच्छे बायपास गेला. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, कोर्टात गेले, उभ्या पिकात यंत्रं आली तेव्हा बायका आडव्या झाल्या. तेव्हा आपल्यापैकी कितीजणी तिथे गेल्या? शहराकडेची रानं प्लॉट पाडून विकणाऱ्यांत आपलीही घरं आहेत, आणि त्यात गैर काही नाही, ज्याची त्याची गरज. पण प्लॉटच्या पैशातून बंगला बांधायचा, बंगल्याच्या हॉलमध्ये जात्यावर काच ठेवून टीपॉय करायचा, लग्नात 'गावरान थीम' म्हणून भाड्याची बैलगाडी आणायची, आणि वर लावणीचं चित्र टांगून लुप्त झालं हो म्हणून उसासा टाकायचा, हे मला पचत नाही. उसासा कशाचा? ज्या बाईच्या पायाला चिखल्या झाल्या ती तरी उसासा टाकत नाही. तिला विचारा, पोरगी पुन्हा चिखलात जावी असं वाटतं का. ती झाडू घेऊन मागं लागेल.

आता महिला मंडळानं ठरवलंय की वहिनी यंदा बेळगावात आल्या की त्यांच्या संग्रहाचं प्रदर्शन भरवायचं, 'हरवलेलं गाव' या नावानं, आणि त्यातली काही चित्रं विकून वसतिगृहाला देणगी द्यायची. प्रास्ताविक मी लिहावं असा निरोप आलाय. मी लिहीन, पण मी तीन गोष्टी मागितल्या आहेत. चित्र कुणाचं, माहीत असेल तर नाव, माहीत नसेल तर 'माबिनी रस्त्यावरचा चित्रकार, नाव नोंदलं नाही' असं स्पष्ट लिहायचं. आमोर्सोलोंची म्हणून लावायची असतील ती आधी जाणत्याला दाखवायची. आणि लावणीच्या चित्राशेजारी एक पाटी, त्या काळी पीक कसं वाटलं जायचं त्याची, आणि तिच्याखाली यंदा खानापूरकडे लावणीची मजुरी किती आहे त्याचीही.

अध्यक्षबाईंचा फोन आला होता. "अक्का, असल्या पाट्या लावल्या तर चित्रं कोण घेणार वो?"

मी म्हटलं, जी पाटी वाचून घेईल तिला द्या. कार्यकारिणीची बैठक येत्या रविवारी आहे.